रूढी वहीत उतरते तेव्हा

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या जून महिन्यात दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. दख्खनचा एवढा मोठा मुलूख एकाएकी कंपनी सरकारच्या हाती आला. महसूल किती आणि तो कोणाकडून घ्यायचा, हा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. दोन भाऊबंद वाटणीसाठी भांडत आले, एखादी विधवा दत्तकाचा दावा घेऊन आली, दोन गावांत शिवेचा तंटा झाला, तर निकाल कशाच्या आधारे द्यायचा? पेशव्यांच्या दफ्तरात कागदांचे ढीग होते, पण कायद्याचे असे एक पुस्तक त्यात नव्हते.

दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने विचारण्यापासून सुरुवात केली. पुण्याला रॉबर्टसन, अहमदनगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, कर्नाटक भागात चॅप्लिन आणि साताऱ्यास ग्रँट अशा आपल्या अधिकाऱ्यांकडे त्याने प्रश्न पाठवले. गावात कोणाचे काय हक्क आहेत, पाटील काय करतो, पंचायत कशी बसते, दिव्य अजून होते का, शिक्षा काय होतात, असे ते प्रश्न होते. आलेल्या उत्तरांवरून ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा अहवाल लिहून काढला. मराठी मुलखाच्या चालीरीती राज्यकारभारासाठी पद्धतशीर गोळा करण्याचा हा आरंभ होय. ग्रँट म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. मुलूख चालवायचा तर तो आधी समजून घेतला पाहिजे, ही त्या पिढीची धारणा होती. तिच्यात कुतूहल होते, तशीच भीतीही होती. नुकतेच राज्य गेलेली माणसे चहूकडे होती. त्यांच्या घरातल्या, जातीतल्या आणि देवळातल्या गोष्टींना एकदम हात लावला तर मुलूख पेटेल, हे एल्फिन्स्टन ओळखून होता.

बंगालमध्ये कंपनीने वेगळी वाट धरली होती. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की वारसा, विवाह, जात अशा बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. मग शास्त्र कोणते, हे शोधणे आले. अकरा पंडितांना बसवून एक संस्कृत ग्रंथ तयार करवला, त्याचे फारसी झाले, फारसीवरून हॅलहेडने इंग्रजी केले आणि १७७६ साली ते पुस्तक छापून निघाले. दोन भाषांतरांतून गेलेल्या मजकुरावर विल्यम जोन्सचा विश्वास बसेना, म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला. त्याची मनुस्मृती १७९४ साली आली. त्यानंतर कोलब्रुकचा संग्रह आला आणि १८१० साली मिताक्षरा व दायभाग यांची त्याची भाषांतरे आली. या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत होती. हिंदूंचा कायदा पोथीत आहे, आणि पोथी हाती आली की कायदा हाती आला, असे बंगालमधले इंग्रज धरून चालत.

पुण्यात ही समजूत टिकण्यासारखी नव्हती, कारण पंचायतीत पोथी क्वचितच उघडली जाई. पेशवाईतला एखादा वाटणीचा किंवा वतनाचा तंटा घेतला तर त्याचा क्रम साधारण असा असे. वादी-प्रतिवादी पंचांपुढे राजीनामा लिहून देत, म्हणजे पंच ठरवतील ते मान्य करण्याचे आधी कबूल करत. त्यासाठी जामीन द्यावे लागत. मग दोघांच्या तकरीरा, म्हणजे जबान्या, लिहून घेतल्या जात. जुने कागद असले तर ते बाहेर निघत, साक्षीदारांना देवाधर्माची शपथ घालून विचारले जात असे. वतनाचा तंटा असला तर देशमुख-देशपांड्यांपासून पाटील, कुळकर्णी, बलुतेदारांपर्यंत सारे गोत बसे आणि त्यांच्या सह्या-निशाण्यांनिशी महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. सह्यांच्या जागी शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी अशी ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी काढलेली असे. पंच आपला सारांश सरकारात पाठवत आणि सरकारच्या मंजुरीने निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी.

पंचायतीचे दोष एल्फिन्स्टनने झाकले नाहीत. पंचांना पगार नाही, त्यामुळे त्यांना जमवताना दिवस जात. बडा असामी हजरच होत नसे. निकाल लागला तरी तो बजावायचा कोणी, हा प्रश्न उरे. म्हणून लोक तगाद्याचा मार्ग धरत. सावकार कुळाच्या दारात बसे, त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवी. देणेकरी मोठा असला तर उलट सावकारच त्याच्या उंबऱ्यावर लोळण घेई किंवा डोक्यावर धोंडा घेऊन बसून राही. हे सगळे लिहूनही एल्फिन्स्टनने कौल दिला तो पंचायत टिकवण्याच्या बाजूने. इतके दोष असूनही हा मुलूख नांदता राहिला होता, ही गोष्ट त्याच्या लेखी मोलाची होती.

पेशवाईतली रूढी अगदी निर्मळ आणि मोकळी होती, असे मात्र समजू नये. सरकार जातीच्या कारभारात हात घाली. कोणत्या जातीने वेदोक्त करावे आणि कोणी करू नये, यावरून ग्रामण्ये, म्हणजे जातीजातींतले तंटे, होत आणि हुजुरातून हुकूम सुटत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंनी ते सोसले आहे. विधवेच्या पाटावर, म्हणजे पुनर्विवाहावर, पाटदाम नावाचा कर होता. म्हणजे पाटाची चाल सरकारच्या जमाखर्चात होती, फक्त ती कायदा म्हणून कोठे मांडलेली नव्हती. बाई, तिचा बाप, दीर, जातीचे पंच आणि पाटील यांच्यात बोलणे होऊन ज्या त्या वेळी ती ठरत असे.

१ जानेवारी १८२७ रोजी मुंबई सरकारने सत्तावीस रेग्युलेशनांचा संग्रह जारी केला. तो एल्फिन्स्टन कोड या नावाने ओळखला जातो. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनचे सव्विसावे कलम आपल्या विषयाचे मर्म आहे. न्यायाधीशाने आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे पाहावेत. ते नसतील तर दावा ज्या प्रदेशात उभा राहिला तिथली वहिवाट पाहावी. तीही नसेल तर प्रतिवादीचा जो कायदा असेल तो लावावा, आणि यांपैकी काहीच सापडले नाही तर न्याय, समदृष्टी आणि सद्सद्विवेक यांनी निर्णय करावा. बंगालमध्ये पोथी पहिली होती, मुंबई इलाख्यात वहिवाट पोथीच्या पुढे बसली. दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातीच्या भांडणांत पडण्याची मनाई केली. जातीमुळे अब्रूची हानी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा असेल तेवढाच ऐकायचा. ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हे वचन मराठी माणसाच्या तोंडी पूर्वीपासून होतेच. आता ते इंग्रजी कलमात शिरले.

रचलेला कायदा की चालत आलेली रूढी, हा वाद त्या काळी एकट्या दख्खनचा नव्हता. येना विद्यापीठात शिकवत असताना १८०३ साली रोमन कायद्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारा आंतोन थिबाऊट पुढे हायडेलबर्गला गेला. १८१४ साली त्याने सगळ्या जर्मन संस्थानांना मिळून एकच दिवाणी संहिता हवी, असे मांडले. बर्लिनच्या साविन्यीने लगेच त्याला विरोध केला. कायदा भाषेसारखा लोकांच्या चालीतून वाढतो आणि तो टेबलाशी बसून रचता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एल्फिन्स्टनने संहितेचा पुरस्कर्ता इंग्रज विचारवंत बेंथॅम वाचलेला होता आणि संहितेचे आकर्षण त्यालाही होते. त्यामुळे त्याच्या कोडमध्ये दोन्ही ओढी दिसतात. कलमे बेंथॅमच्या वळणाची, आणि त्या कलमांत बसवलेली वहिवाट साविन्यीला पटावी अशी.

वहिवाट पहिली असे लिहून भागत नाही. ती काय आहे, हे न्यायाधीशाला कळावे कसे? इंग्लंडहून आलेल्या विशीतल्या मुलाला कुणब्याची चाल कोण सांगणार? यासाठी आर्थर स्टील याने केलेले काम त्याच १८२७ साली सरकारी हुकुमाने छापून निघाले. दख्खन प्रांतातल्या हिंदू जातींचा कायदा आणि रूढी यांचा तो सारांश आहे. शास्त्र्यांनी ग्रंथांतून काढून दिलेला कायदा एकीकडे आणि जातींनी स्वतः सांगितलेल्या चाली दुसरीकडे, अशी त्याची मांडणी. लग्न, पाट, काडीमोड, दत्तक, वाटणी, वारसा, जातीबाहेर टाकणे आणि परत घेणे या एकेका विषयावर जातीजातींना प्रश्न घातले गेले. आजही मराठी समाजाच्या अभ्यासकाला हे पुस्तक टाळता येत नाही. कुठल्या जातीत पाट लागे, कोणत्या जातीत सोडचिठ्ठी कशी देत, हे दोनशे वर्षांपूर्वीचे तपशील इतक्या जातींविषयी एका जागी दुसरीकडे मिळणे कठीण. स्टीलच्या कष्टांविषयी आदर वाटावा असेच ते काम आहे.

पण प्रश्नाचा साचा उत्तराला आकार देतो. ‘तुमच्या जातीत असे करतात काय?’ असे विचारले की जातीचा मुखंड ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणार. गावात खरी गोष्ट वेगळी घडे. असे करतात, पण बाईला लहान मूल असले तर थोडे वेगळे करतात, दुष्काळ पडला तर आणखी वेगळे, आणि अमक्या घराण्यात मुळीच करत नाहीत. हे ‘पण’ वहीत उतरत नाहीत. शिवाय प्रश्न गेले ते जातीच्या पुढाऱ्यांकडे. पाट लावणाऱ्या बाईला तिचे स्वतःचे म्हणणे विचारले असते तर काय लिहिले गेले असते, ते या पुस्तकावरून समजत नाही. तिसरी गोष्ट अशी की उत्तरे जातीच्या नावाखाली मांडली गेली. त्यामुळे गावाची, घराण्याची, धंद्याची चाल मागे पडली आणि जात हेच कायद्याचे माप ठरू लागले.

जमिनीच्या बाबतीत हेच आणखी झपाट्याने झाले. एल्फिन्स्टनच्या अहवालात जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला मिरासदार आणि तसा हक्क नसलेला उपरी यांच्यातला फरक बारकाईने नोंदला आहे. टॉमस कोट्सने पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन लिहिले, सायक्सने थळझाड्यांसारखे, म्हणजे गावच्या जमिनींच्या नोंदींसारखे, जुने कागद धुंडाळून दख्खनच्या जमीनधारणेवर निबंध लिहिला आणि १८५२ साली गुडाइनचा ग्रामसंस्थांवरचा अहवाल निघाला. पण १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. शेताला नंबर पडले आणि सरकारचा व्यवहार त्या नंबराच्या खातेदाराशी होऊ लागला. इतक्या कष्टाने टिपलेला मिरास-उपरीचा भेद पुढच्या पिढीत जवळजवळ निरर्थक झाला. कोट्सच्या लोणीला मात्र एक भाग्य लाभले. सव्वाशे वर्षांनी गो. स. घुर्ये यांनी तेच गाव, म्हणजे लोणीकंद, पुन्हा अभ्यासायला घेतले. कोट्सने लिहिलेले ताडून पाहायला जिवंत गाव समोर होते.

न्यायालयांत इंग्रज न्यायाधीशाच्या मदतीला शास्त्री असे. दाव्यातला मुद्दा प्रश्न करून त्याच्याकडे जाई, तो आधारासह उत्तर लिहून देई. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली तेव्हा धर्मशास्त्र हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता. १८६४ साली न्यायालयांतली शास्त्र्यांची पदेच रद्द झाली. तोवर शास्त्र्यांच्या हजारो व्यवस्था, म्हणजे अशी लेखी उत्तरे, दफ्तरांत साचल्या होत्या. न्यायाधीश रेमंड वेस्ट आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारा जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी त्या निवडून, तपासून छापल्या. पहिला खंड १८६७ साली आला आणि दुसरा १८६९ साली. या ग्रंथाचे कोणतेही पान उघडले तर रचना तीच दिसते. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, त्याखाली जिल्ह्याचे नाव आणि तारीख, मग आधाराची वचने आणि शेवटी संपादकांची टीप. टिपेत ब्यूलर कधी शास्त्र्याला दुजोरा देतो, कधी त्याची चूक काढतो. म्हणजे नगरच्या किंवा रत्नागिरीच्या शास्त्र्याने अदालतीत बसून दिलेले उत्तर ग्यॉटिंगेनला शिकलेला माणूस तपासत होता.

ब्यूलरच्या मागे जर्मनीतली सगळी संस्कृतविद्या उभी होती. याज्ञवल्क्यस्मृतीची छापील आवृत्ती ब्रेस्लाउच्या श्टेन्झलरने १८४९ सालीच काढली होती. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८७५ साली पुरा झाला.   जर्मन विद्वानांना या पोथ्यांतून राज्य चालवायचे नव्हते, त्यांना शब्दाचा नेमका अर्थ हवा होता. तो अर्थ मुंबईत पोचला की त्यावर कोणाची तरी शेतजमीन कोणाकडे जायची ते ठरे. हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शास्त्री गेले आणि उच्च न्यायालय आले, तशी रूढीची स्थिती बदलली. रूढी आता माहीत असून भागेना, ती सिद्ध करावी लागू लागली. १८६८ साली मदुरेच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तिच्यापुढे ग्रंथातले वचन टिकणार नाही. ऐकायला हे रूढीच्या बाजूचे वाटते. पण पुराव्याची अट कडक होती. रूढी प्राचीन हवी, निश्चित हवी, अखंड चालत आलेली हवी आणि नीतीला धरून हवी. ज्या गोष्टीचा जीवच लवचीकपणात होता, तिला न बदलल्याचा दाखला मागितला जाऊ लागला. बदललेली रूढी ही रूढीच नाही, असे न्यायालय म्हणे. ज्याला पुरावा जमत नसे त्याच्यावर पोथीतला कायदा आपोआप लागू होई, मग त्याच्या सात पिढ्यांत कोणी ती पोथी ऐकलेली नसो.

याला अपवादही आहेत. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्स्किन पेरीने खोजे आणि मेमण यांच्या दाव्यांत रूढी मान्य केली आणि मुलींना कुराणाप्रमाणे वाटा मिळाला नाही. येथे रूढी राखली गेली, पण ती बायकांच्या विरुद्ध गेली. उलट, नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला आणि स्थानिक वहिवाटीला धरून मुंबई इलाख्यात बहिणीला आणि गोत्रातल्या विधवांना वारसा मिळू लागला. बंगालमध्ये त्यांना तो नव्हता. दामदुपटीचा नियमही मुंबईच्या न्यायालयांनी जिवंत ठेवला. व्याजाची बाकी मुदलापेक्षा जास्त वसूल होणार नाही, हा शेतकऱ्याला कळणारा साधा हिशेब होता. पण सावकाराने दर दोन वर्षांनी नवे खत करून घेतले की व्याजच मुद्दल होई आणि दामदुपट हात चोळत राही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. त्यात न्यायाधीशाला खतामागचा सगळा हिशेब उकरण्याचा अधिकार मिळाला आणि गावमुन्सफ व सलोखा करणारे मध्यस्थ नेमण्याची तरतूद झाली. साठ वर्षांपूर्वी एल्फिन्स्टनला जी पंचायत टिकवायची होती तिच्या जवळपासची काही तरी गोष्ट पुन्हा उभी करावी लागली.

रूढीच्या या नव्या रूपाचा सर्वांत मोठा फटका बसला तो पाट लावणाऱ्या बायकांना. कुणबी, माळी, महार, कोळी आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे मोहतूर, नेहमीचा होता. काही जातींत नवरा जिवंत असतानाही पंचांच्या परवानगीने काडीमोड होऊन दुसरे घर करता येई. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. तो मुख्यतः जिथे विधवेला लग्नाची बंदी होती त्या जातींसाठी. त्याच्या दुसऱ्या कलमात असे होते की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. ज्या जातींत विधवा शतकानुशतके पाट लावत होत्या त्यांनाही हे कलम लागू आहे काय? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. मुंबईच्या पूर्णपीठाने १८९६ साली ‘होय’ म्हटले. बंधन सोडवायला केलेल्या कायद्याने, ज्यांच्यावर ते बंधन नव्हते त्यांच्याकडून काही काढून घेतले. त्याआधी १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला होता. विवाह मोडल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही, असा तो निर्णय. जातीच्या पंचांनी मोकळी केलेली बाई दंडसंहितेच्या भाषेत नवरा हयात असता लग्न करणारी गुन्हेगार ठरू शकत होती.

रखमाबाईंचा खटला याच धाग्यातला आहे. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिला आणि १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. बाईला जबरदस्तीने नांदायला पाठवण्याचा असा दावा मुळात हिंदू कायद्यातला नाही, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इथे आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि अखेर पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई सुतार जातीच्या. त्यांच्या घरात त्यांच्या आईचाच पुनर्विवाह झाला होता. धर्म बुडतो म्हणून नवऱ्याची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्रांनी ज्याला आपला सनातन कायदा म्हटले, तो लंडनहून जहाजाने आलेला होता, हे त्या वेळी फार थोड्यांनी मनावर घेतले.

विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी या सगळ्याकडे आतून पाहिले. कोकणातल्या मुरूडचे मंडलिक उच्च न्यायालयात सरकारी वकील होते आणि कोर्टात रूढीचे काय होते ते त्यांनी रोज पाहिले होते. १८८० साली त्यांनी व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे भाषांतर छापले. त्याची परिशिष्टे मूळ ग्रंथाइतकीच मोलाची आहेत. ब्राह्मणाला बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेता येत नाही, असे न्यायालये एका संस्कृत ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरावरून धरू लागली होती. मंडलिकांनी ठिकठिकाणाहून माहिती मागवून दाखवून दिले की दख्खन-कोकणातल्या ब्राह्मण घरांत असे दत्तक प्रत्यक्ष होतात. मामाच्या मुलीशी लग्नाचेही तेच. उत्तरेकडच्या ग्रंथांना ते अमान्य. पण बौधायनाने ही दक्षिणेकडची चाल म्हणून फार पूर्वी नोंदली आहे आणि मराठी मुलखात कितीतरी जातींत मामाची मुलगी हेच पहिले स्थळ असते. मंडलिकांचा आक्षेप साधा होता. कायदा पाहायचा तर लोक कसे वागतात ते पाहा, काशीच्या पंडिताच्या ग्रंथाचे भाषांतर पुढे धरू नका. सामाजिक सुधारणेच्या बाबतीत ते जुन्या मताचे होते आणि त्यावरून त्यांच्यावर टीका होई. परंतु रूढीच्या पुराव्याविषयी त्यांच्याइतके काटेकोर काम त्या काळी इंग्रजांनीही केले नाही.

भटजीला मिळणाऱ्या दक्षिणेच्या हक्काबद्दल मात्र रूढी वेगळ्या बाजूने लढली. गावच्या जोशाचे वतन न्यायालये मान्य करत. यजमानाने दुसरा भटजी बोलावला तरी वतनदार जोशाला हक्क मिळे. सत्यशोधक समाजाच्या लोकांनी ब्राह्मणाशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी पाटलांवर जोशांनी दावे लावले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल पाटलांच्या बाजूने झाला. वहीत नोंदलेल्या वहिवाटीला नकार देण्याचा माणसाला हक्क आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोर्टापुढे उभा राहिला. महारांच्या वतनाचा प्रश्न याहून कठीण निघाला. १८७४ च्या वतन कायद्याने जुनी वेठ कलमांत बांधली. ती सोडवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधेयक आणले आणि ती वतने कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौकशीचे रूपच बदलले. कॅम्बेलच्या गॅझेटियरांत जिल्ह्यागणिक जातींची वर्णने आली आणि १९२० ते १९२२ या काळात एन्थोव्हेनचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे तीन खंड निघाले. तंटा सोडवण्यासाठी विचारणे मागे पडून माणसांची वर्गवारी लावणे पुढे आले. सर्वांत वाईट परिणाम भटक्यांच्या वाट्याला गेला. पोलीस अधिकारी केनेडीने १९०८ साली इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक लिहिले. कोण कसा वेष घेतो, कोणत्या खुणेने बोलतो, घरफोडी कशी करतो, असे वर्णन जातवार मांडलेले. उत्तर हिंदुस्थानात १८७१ पासून असलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली इकडेही आला. त्यानंतर पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींतल्या माणसांना जन्मावरून हजेरी लागू लागली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. तो भाग लोकांच्या तोंडी अजून ‘सेटलमेंट’च आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला.

गोव्यात पोर्तुगीजांनी रूढी लिहून काढण्याचे काम इंग्रजांच्या तीनशे वर्षे आधी सुरू केले होते. १५२६ साली अफोन्सो मेशियाने तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या चाली लिहून काढल्या, कारण गावकरीकडून महसूल घ्यायचा होता. पुढे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्याला लागू झाली. तेव्हा हिंदूंसाठी १८८० साली वेगळे रूढींचे कलमपत्र काढून काही चाली राखल्या गेल्या. जर्मनीने आफ्रिकेत वसाहती घेतल्यावर बर्लिनच्या योझेफ कोलरने १८९७ साली तिथल्या लोकांच्या कायद्याविषयी प्रश्नावली छापली आणि ती अधिकारी व मिशनऱ्यांकडे गेली. पुण्यात सत्तर वर्षांपूर्वी वापरलेली तीच पद्धत. प्रश्न युरोपात ठरलेले, उत्तर देणारे गावचे प्रमुख.

१९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनी ग्रंथ आणि रूढी दोन्ही बाजूला सारून नवी कलमे दिली. तरी रूढीला काही खिडक्या ठेवल्या. सपिंडांत लग्न चालत नाही, पण दोन्ही पक्षांच्या रूढीत चालत असेल तर चालते. म्हणून मामाच्या मुलीशी झालेले लग्न मराठी घरात वैध राहते. रूढीने मिळालेला काडीमोडही कायद्याने राखला. दत्तकाचे वय पंधराच्या आत हवे आणि दत्तक अविवाहित हवा, पण रूढी वेगळी असेल तर तिला सूट आहे. महाराष्ट्रातून असा मोठ्या वयाच्या दत्तकाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९९१ साली निर्णय दिला की मुंबई इलाख्याच्या भागात कोणत्याही वयाचा दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी आधीच वारंवार मान्य केलेली आहे, तेव्हा ती प्रत्येक दाव्यात नव्याने शाबीत करण्याची गरज नाही.